रेघेवरचा काळा ठिपका

“त्यांच्या घरात काही नासत नाही, सगळं उगवतं,” असं खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी म्हणायची. समोरच्या दारातले निवृत्त पोस्टमास्तर जरा सौम्य होते. ते म्हणत, “बाई सज्जन आहेत, फक्त अडीअडचणीला त्यांच्याकडे लिंबू मागायला जाऊ नये.” उरलेल्या जिन्यानं एवढे शब्द खर्च केले नव्हते. त्यांनी सरळ नाव पाडलं होतं: बुरशीबाई.

नाव खोटं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत, थेट ऊन पडणार नाही अशा कोपऱ्यात, उपड्या काचेच्या वाट्यांखाली काही ना काही ठेवलेलं असे. पावाचा तुकडा, अर्धं लिंबू, एकदा तर जुन्या चपलेचा चामडी पट्टा. प्रत्येक वाटीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तारीख. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी त्या वाट्या तीनदा घासूनपुसून फडताळात ठेवल्या आणि चौथ्या वेळी हात टेकले.

“अगं, लोक खिडकीत फुलझाडं लावतात.”

“ही फुलंच आहेत, आई. जरा बारीक आहेत एवढंच.”

“मग घाल तुझ्या डोक्यात!”

नवरा छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम करी. त्याला या संसाराचं काही नवल वाटत नसे. “ती जेलीवरची टिंबं शोधते, मी अक्षरांवरची,” तो म्हणे. “दोघांच्या चष्म्याचा नंबरही बरोबरीनं वाढतो. आणखी काय जुळायला हवं?”

बाई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. एकोणतीस वर्षं एकाच खोलीत. ही खोली पहिल्या मजल्याच्या टोकाला, धुलाईखान्याच्या पलीकडे होती. एका भिंतीला इनक्यूबेटरची दोन कपाटं, मधोमध दगडी ओटा, ओट्यावर निळ्या ज्योतीचा बर्नर, खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक आणि कोपऱ्यात काचेचं पंखेवालं कपाट, ज्यात हात घालून धोक्याचे नमुने हाताळायचे. सांगायला काम सोपं होतं. रोग्याच्या शरीरातून आलेला थेंब, मग तो थुंकीचा असो, लघवीचा असो की पुवाचा, तारेच्या बारीक कड्यावर घ्यायचा, जेलीवर रेघ ओढून लावायचा, उबेत ठेवायचा आणि काय उगवतं ते पाहायचं. जंतू उगवले तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दिसतात. बुरशीला सवड लागते. तिच्यासाठी नळ्या चार आठवडे ठेवायच्या असतात, आणि चार आठवडे एखाद्या गोष्टीकडे रोज पाहायचं तर माणसाचा स्वभावही तसा असावा लागतो.

या कामात एक अडचण कायमची असते. हवेत बुरशीचे कण सतत तरंगत असतात. झाकण उघडलं की एखादा कण आत पडतो, उगवतो आणि रोग्याच्या नावावर खपू पाहतो. अशा आगंतुकाला प्रयोगशाळेत ‘पाहुणा’ म्हणत. नोंदवहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात नुसतं ‘पा.’ लिहायचं, सही करायची आणि प्लेट वाफेच्या टाकीत टाकायची. त्या दोन खुणांनी प्रकरण मिटे. काळं किंवा हिरवं दिसलं की ‘पा.’ लिहायला कुणी क्षणभर थांबत नसे. रोग पांढराच असतो अशी सगळ्यांची जणू समजूत होती.

बाई थांबत. नव्यानं आलेल्यांना त्या एकच गोष्ट शिकवत. “आधी रंग बघू नकोस, जागा बघ. मी ओढलेल्या रेघेवर उगवलाय, तर तो माझ्या तारेबरोबर आलाय. रेघेच्या बाहेर असेल, तर वरून पडलाय. पाहुणा कधी घरच्यांच्या पंगतीत ओळीनं बसत नाही, तो कुठंतरी कोपऱ्यात टेकतो.”

या शिकवणीमागे एक जुनी गोष्ट होती आणि ती बाईंनी फक्त नवऱ्याला सांगितली होती. बावीस वर्षांपूर्वी एका तरुण बाईच्या कण्यातल्या पाण्याचा नमुना त्यांच्याकडे आला होता. आठव्या दिवशी नळीत काळा ठिपका दिसला. बाईंनी ‘पा.’ लिहिलं, सही केली, नळी टाकली. ठिपका रेघेवर होता की बाहेर, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्या रोग्याचा नवा नमुना यायला हवा होता, तो आला नाही. चौकशी केली तेव्हा खाट रिकामी झाल्याचं कळलं. तो ठिपका खरंच पाहुणा असेलही. बहुतेक असेलच. पण आता ते कुणालाच कळणार नव्हतं. अपराध्यासारखं वाटायलाही काही पुरावा लागतो, आणि तो वाफेत गेला होता. तेव्हापासून बाईंनी न पाहता ‘पा.’ लिहिणं सोडलं, आणि त्याच सुमारास खिडकीत वाट्या आल्या. पाहुणे ओळखायचे तर आधी त्यांची ओळख करून घ्यायला हवी, एवढाच त्यामागचा हिशेब होता.

आणि मग, बावीस वर्षांनी, एका मंगळवारी एक नमुना आला. सुई काढून टोपण लावलेली सिरिंज, आत चमचाभर घट्ट, करडट पू. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: पुरुष, वय एक्केचाळीस, धंदा कातारी, म्हणजे लेथवर लाकूड कातणारा, मेंदूत गळू. सर्जननं कवटीला बारीक भोक पाडून तो पू ओढून काढला होता. माणसाचं डोकं दोन महिने दुखत होतं, उजवा हात जड झाला होता आणि बोलताना शब्दांची अदलाबदल होत होती.

बाईंनी तीन नळ्यांत तिरप्या जेलीवर तीन रेघा ओढल्या. उरलेल्या थेंबाची स्लाइड केली. जंतू दिसले नाहीत. मग पेशी विरघळवणारा द्रव टाकून दुसरी स्लाइड लावली आणि ती कडेपासून कडेपर्यंत पाहत गेल्या. तीन-चतुर्थांश स्लाइड कोरी गेली. शेवटी एका कोपऱ्यात, पुवाच्या गाळात, दोन तुटके धागे दिसले. ते तपकिरी होते आणि त्यांना बांबूसारखी पेरं होती.

त्यांनी निवासी डॉक्टरला हाक मारली. तो तिशीचा, हुशार आणि सदा घाईत असलेला मुलगा होता. त्यानं डोळा लावला आणि लगेच काढला.

“गॉजचा धागा आहे, बाई.”

“गॉज पांढरा असतो.”

“मग रक्तानं रंगलाय.”

“आणि पेरं?”

“बाई, तुम्हाला ढगातसुद्धा बुरशी दिसते.”

“ढगात असतेच,” बाई म्हणाल्या. “पण हा ढग नाही, एका माणसाचं डोकं आहे.”

तो हसला आणि अहवालात ‘जंतू आढळले नाहीत’ असं लिहून गेला. दोन धाग्यांवरून त्याला दोष देता येत नव्हता. बाईंनी ते धागे आपल्या वहीत पेन्सिलीनं काढले, पेरांसकट, आणि खाली तारीख घातली.

वरच्या मजल्यावर डॉक्टरांनी अंदाजानं क्षयाची औषधं सुरू केली. मेंदूतल्या अशा गाठींमागे पुष्कळदा क्षयच निघतो, तेव्हा अंदाज वेडगळ नव्हता. प्रश्न एवढाच होता की बुरशी असेल तर त्या औषधांचा तिच्यावर काडीइतकाही परिणाम होणार नव्हता.

नेमक्या त्याच मंगळवारपासून शेजारच्या खोलीचं छत फोडायला घेतलं होतं. पाण्याची नळी गळत होती. तीन दिवस हातोड्यांचा आवाज, दारं बंद असूनही ओट्यावर चुन्याचा थर, आणि मग व्हायचं तेच झालं. प्लेटांवर पाहुण्यांची झुंबड उडाली. हिरवे, राखाडी, मखमली, कापसासारखे. सोमवारी विभागप्रमुखांनी, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, सर्वांना ओट्याभोवती उभं केलं. मॅडम बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या, शिस्तीच्या होत्या आणि आवाज न चढवता बोलत.

“गेल्या आठवड्यातलं काहीच भरवशाचं नाही. सतरा नमुने आहेत. सगळ्यांसमोर ‘पा.’ लिहा, टाकून द्या, वॉर्डांकडून नवे नमुने मागवा. चुकीचा अहवाल देण्यापेक्षा उशिरा दिलेला बरा.”

हुकूम योग्यच होता. लघवी पुन्हा मागवता येते, थुंकीही येते. बाईंनी सोळा नमुन्यांसमोर ‘पा.’ लिहिलं. सतराव्या ओळीत कातारी होता. त्याचा नवा नमुना हवा असेल तर त्याची कवटी पुन्हा उघडावी लागणार होती.

बाईंनी बुरशीसाठी तीस अंशांवर ठेवलेल्या इनक्यूबेटरमधून त्या तीन नळ्या काढून खिडकीपाशी उजेडात धरल्या. सातवा दिवस होता. पहिल्या नळीत, रेघेच्या बरोबर मध्यावर, मोहरीएवढा काळपट ठिपका. दुसऱ्या नळीत रेघेवर तसेच दोन. तिसऱ्या नळीतही एक होता, पण रेघेपासून अर्धं बोट दूर.

तिसऱ्या नळीनं सगळा घोळ केला. पहिल्या दोन नळ्या म्हणत होत्या, आम्ही रोग्याकडून आलो. तिसरी म्हणत होती, मी छतातून पडले. आणि तिघींचे ठिपके नुसत्या डोळ्यांना एकसारखे दिसत होते.

दुपारी मॅडम नोंदवही घेऊन आल्या.

“बाई, सतराव्या ओळीत शेरा नाही.”

“नाही लिहिला.”

“राहून गेला की लिहिला नाही?”

“लिहिला नाही.”

मॅडमनी नळ्या पाहिल्या. “काळी बुरशी. या आठवड्यात माझ्या टेबलावरसुद्धा उगवेल.”

“दोन नळ्यांत रेघेवर आहे.”

“आणि तिसरीत बाहेर. बाई, तुमचाच नियम आहे. सोयीचा तेवढा घ्यायचा आणि गैरसोयीचा सोडायचा, असं कसं चालेल?”

“चालणार नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच टाकायचं नाही. तिसरीचं काय ते मला बघायचंय.”

“तुम्हाला बघायचंय हे कारण होत नाही. सही करा.”

“करत नाही, मॅडम.”

खोलीतली बाकीची मंडळी एकदम फारच कामात पडली. एकोणतीस वर्षांत बाईंनी वरिष्ठांना नाही म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मॅडमनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

“हे बघा. तुम्ही म्हणता ते खरं निघालं, तर त्या माणसाला महिनोन् महिने कडक औषध द्यावं लागेल. ते यकृतावर येतं. शिवाय सर्जनला डोकं उघडून गळू मुळासकट काढावं लागेल. हे सगळं मी छताच्या धुळीवरून सांगू? उद्या ती धूळ निघाली तर?”

“आणि ती नसली तर?”

मॅडम उठताना म्हणाल्या, “शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी संध्याकाळी मला सांगायला काही नसेल तर सही तुमची. आणि हे सगळं काचेच्या कपाटात हात घालून करायचं. तुम्हाला वाटतं तीच निघाली तर ती हुंगायची वस्तू नव्हे.”

बाईंनी त्याच दुपारी तिन्ही नळ्यांतला कणकण उचलून सहा नव्या नळ्यांत लावला. त्यातल्या निम्म्या नळ्या अंगाच्या उबेला, सदतीस अंशांना ठेवल्या. उरलेल्या निम्म्यांसाठी तीस अंशांच्या इनक्यूबेटरचा आकडा वाढवून चाळीसवर नेला. ही युक्ती त्यांना खिडकीतल्या वाट्यांवरून सुचली होती. हवेतल्या बहुतेक काळ्या बुरशांना गारवा मानवतो. अंगाची ऊबसुद्धा त्यांना नकोशी होते, आणि तापाची तर मुळीच सोसत नाही. पण जी माणसाच्या मेंदूत बिऱ्हाड करून बसली असेल, तिला ऊब ही अडचण वाटणार नाही.

मॅडमच्या कपाटात बुरशांच्या चित्रांचा एक जाडजूड ग्रंथ होता. बाई जेवणाच्या सुट्टीत तो घेऊन बसल्या. शेवटच्या भागात त्यांना हवं ते सापडलं. मातीत, कुजक्या लाकडात राहणारी काळी बुरशी. कोट्यवधी माणसं त्या मातीतून चालतात, त्या लाकडाला हात लावतात, आणि त्यांना काही होत नाही. क्वचित एखाद्याच्या अंगात ती शिरते, बहुधा श्वासावाटे, आणि तडक मेंदू गाठते. जगभरातून तिच्या मोजक्याच नोंदी होत्या. बाईंनी ते पान दोनदा वाचलं. मग ग्रंथ छातीशी धरून त्या मॅडमच्या दारात उभ्या राहिल्या.

“मॅडम, एवढं अख्खं अंग सोडून ही मेंदूतच का जाते?”

मॅडमनी कागदांतून मान वर केली. “कुणालाच माहीत नाही.”

“कुणालाच?”

“कुणालाच.”

बाईंचा चेहरा असा खुलला की मॅडमना हसू आवरेना. त्या दिवशीचा पहिला मोकळा क्षण होता तो.

बुधवारी बाईंनी आणखी एक गोष्ट केली, जी तंत्रज्ञ कधी करत नाहीत. त्या तिसऱ्या मजल्यावर रोग्याला पाहायला गेल्या. चिठ्ठीवरचा आकडा पुसट झाला आहे, तो ताडून पाहायचा आहे, असं निमित्त त्यांनी मनाशी तयार ठेवलं होतं.

खाटेवर हाडापेरानं मोठा माणूस पडला होता, डोक्याला पट्टी, उजवा हात पांघरुणावर निर्जीव. शेजारी स्टुलावर त्याची मोठी बहीण बसली होती. तिनं बाईंचा पांढरा अंगरखा पाहिला आणि पदर खोचल्याच्या आवेशात उठली.

“रक्त घ्यायला आलात? सकाळपासून दोनदा घेतलंय. आता त्याच्यात ठेवलंय काय?”

“रक्त नको. मी खालच्या लॅबमधून आले. तुमच्या भावाचा नमुना माझ्याकडे आहे.”

“कसला?”

“डोक्यातल्या पुवाचा.”

बहीण परत स्टुलावर टेकली. मग, गावाहून आलेल्या माणसाला घरची खुशाली विचारावी तशा आवाजात तिनं विचारलं, “कसं आहे मग त्याचं?”

“बघतेय अजून,” बाई म्हणाल्या. याहून जास्त बोलायची त्यांना मुभा नव्हती.

खाटेवरून घोगरा आवाज आला. “शिडी.”

बहिणीनं निमूटपणे पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला. “महिनाभर पाण्याला शिडी म्हणतोय. आणि मला काय म्हणतो, माहितीये? किल्ली! मी म्हटलं, चला, कुलूप तरी म्हणाला नाही.”

कातारी हसला. हसताना त्याच्या तोंडाचा एकच कोपरा वर गेला. बाईंना एकदम जाणवलं की सतराव्या ओळीतल्या माणसाला हसू येतं. नोंदवहीत तसा रकाना नव्हता.

“लाकूड कसलं वापरायचा तो?” त्यांनी विचारलं.

“कसलंही. खाटेचे पाय, जिन्याचे कठडे, डबे, सगळं कातायचा. पण जीव जडलाय जुन्या, कुजक्या ओंडक्यांवर. तसल्या लाकडात काळ्या रेघा उतरतात ना? म्हणायचा, ताई, नक्षी आयती मिळते, आपण फक्त फिरवायचं. दिवसभर त्या भुशात. नाकाला फडकं बांध म्हटलं तर म्हणायचा, लाकडाचा वास गेल्यावर काम कशाला करायचं?”

बाईंनी हे सगळं खाली येऊन वहीत लिहिलं, धाग्यांच्या चित्राखाली. तो पुरावा नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. कुजक्या लाकडाशी हजारो माणसं काम करतात. पण दोन धागे, दोन रेघा आणि एक ओंडका एवढं एका पानावर पाहिल्यावर त्यांना वही मिटवेना.

गुरुवारी चाळीस अंशांच्या कपाटात काही नव्हतं. सदतीसच्या कपाटात पहिल्या दोन नळ्यांना किंचित सावळी छटा आली होती. तिसरी कोरी होती. गुरुवारीच वरून बातमी आली की कातारी आता बहिणीला किल्लीसुद्धा म्हणत नाही. तो दिवसभर झोपून असतो आणि हलवल्यावरच डोळे उघडतो. निवासी डॉक्टर ही बातमी सांगताना नेहमीच्या घाईत नव्हता. “बाई,” तो म्हणाला, “ती धाग्यांची स्लाइड ठेवलीये का तुम्ही?”

“ठेवलीये.”

त्यानं ती पुन्हा लावली आणि या वेळी बराच वेळ डोळा काढला नाही. “पेरं आहेत,” तो शेवटी पुटपुटला. बाईंनी त्याच्यापुढे चहाचा पेला सरकवला. मी म्हटलं नव्हतं का, हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं होतं. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं.

शुक्रवारी सकाळी बाई नेहमीपेक्षा तासभर आधी आल्या. चाळीस अंशांचं कपाट उघडलं. पहिली नळी: टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका. दुसरी: तसाच. तिसरी: कोरी. सदतीसलाही तिसरीत काही उगवलं नव्हतं. तिला ऊब सोसलेलीच नव्हती. ती नुसत्या खोलीच्या गारव्यात ठेवली असती तर कदाचित फोफावली असती.

म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिसऱ्या नळीत खरोखरच छतातून पाहुणा पडला होता, आणि पहिल्या दोन नळ्यांत रोगी होता. सारखा रंग ल्यालेले दोन अनोळखी एकाच दिवशी एकाच घरात उतरले होते, आणि एकाच्या नावावर दुसऱ्याला हाकललं जाणार होतं.

मॅडम आल्या तेव्हा बाईंचं काम उरकलं होतं. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा काळ्या मखमलीला हलकेच टेकवून त्यांनी तो निळ्या रंगात स्लाइडवर चिकटवला होता. सूक्ष्मदर्शक तयार होता. खुर्ची मागे सरकवून त्या बाजूला झाल्या.

मॅडम पाहत राहिल्या. भिंगाखाली तपकिरी तंतू होते, आणि तंतूंच्या टोकांना बीजाणूंच्या साखळ्या, लांबच लांब, फाटे न फुटलेल्या, मण्यामागे मणी ओवल्यासारख्या. ग्रंथातल्या चित्रात होत्या तशा. बाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मॅडमच्या पाठीकडे बघत मनात आकडे मोजले. ते दोनशेच्या वर गेले.

“चाळीसला?” मॅडमनी डोळा न काढता विचारलं.

“दोन्ही. तिसरी नाही.”

“तिसरी मेली?”

“मेली नाही. तिला ऊब सोसली नाही. तिच्यात पाहुणा होता.”

मॅडम उठल्या आणि फोनपाशी गेल्या. पलीकडे सर्जन होते. त्यांचा भरदार आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता.

“बुरशी? मेंदूत? तुमच्याकडे छत फोडलं होतं ना?”

“फोडलं होतं. आम्ही ती धूळ वेगळी काढलीये.”

“शंभर टक्के खात्री?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “शंभर टक्के तुम्हाला डोकं उघडल्यावर मिळेल. पण क्षयाच्या औषधांवर थांबलात तर ती खात्री करायला माणूस उरणार नाही. माझ्या जबाबदारीवर सांगतेय.”

फोन ठेवल्यावर त्यांनी नोंदवही उघडली, सतरावी ओळ शोधली आणि पेन बाईंच्या हातात दिलं. “शेरा तुम्ही लिहा. तुमचा नमुना आहे.”

बाईंनी बुरशीचं लांबलचक शास्त्रीय नाव ग्रंथात पाहून एकेक अक्षर करत लिहिलं. रकाना अपुरा पडला. शेवटची तीन अक्षरं त्यांनी समासात लिहिली आणि सही केली.

त्याच दुपारी कातारीला शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं. गळू निघालं ते टरफलासकट, आणि त्याची आतली भिंत काजळी धरल्यासारखी काळी होती. त्यातला तुकडा संध्याकाळी बाईंच्या ओट्यावर आला. या खेपेला धागे शोधावे लागले नाहीत; स्लाइड त्यांनी भरून गेली होती. औषध बदललं. यकृतानं कुरकुर केली, मात्रा कमी केली, पुन्हा वाढवली. दोनदा ताप चढला. अशा रोगातून उठणारे थोडे, आणि उठले तरी पूर्ववत होणारे त्याहून थोडे, हे बाईंनी ग्रंथात वाचलं होतं आणि त्याबद्दल त्या कुणाशी बोलत नव्हत्या. फक्त रोज कामावरून निघताना त्या निवासी डॉक्टरला एकच शब्द विचारत, “शिडी?” आणि तो मान हलवून “अजून शिडीच” म्हणे. सतराव्या दिवशी तो जिन्यातूनच ओरडत आला, “बाई, पाणी! आज पाणी म्हणाला!”

सात महिन्यांनी एका सकाळी प्रयोगशाळेचं दार ढकललं गेलं. पुढे बहीण, मागे काठी टेकत कातारी. त्याचा उजवा हात अजून पुरता आपला झाला नव्हता, लेथ त्यानं कायमची सोडली होती, आणि एखादा शब्द अडला की तो डोळे मिटून थांबत असे. पण थांबल्यावर शब्द येत असे. बाई नेमक्या प्लेटा लावत होत्या. ओट्यावर डझनभर झाकणं उघडी होती.

“तुम्हीच ना त्या?” बहीण म्हणाली. “वरचे डॉक्टर म्हणाले, खाली जाऊन त्या बाईंच्या पाया पडा.”

“पाया नको. मागे व्हा, ओट्याला हात लावू नका.”

“ताई,” कातारी सावकाश म्हणाला, “त्या… कामात आहेत.” मग बाईंकडे पाहून, “मी लाकडाचा… माणूस.”

“माहितीये. सतरावी ओळ,” बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना राहवेना. “पाण्याला आता काय म्हणता?”

“पाणी.”

“आणि हिला?”

त्यानं बहिणीकडे पाहिलं, डोळे मिटले, उघडले. “किल्ली,” तो म्हणाला, आणि तोंडाचे दोन्ही कोपरे वर गेले. बहिणीनं त्याच्या पाठीत हलकेच धपाटा घातला. तो हसत राहिला, आणि त्याचं हसू पाहता पाहता तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. ती पुढे झाली.

“बाई, एक विचारू? वर विचारलं की सगळे म्हणतात काळजी करू नका, देवावर भरवसा ठेवा, बघू. कुणी सरळ बोलत नाही. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंय, हातानं वाढवलंय. खरं सांगा, हे परत येईल का?”

बाईंनी तारेचं कडं ज्योतीत धरलं, ते लाल होईपर्यंत थांबल्या, आणि मग तिच्याकडे वळल्या.

“येऊ शकतं. येणार नाही असं म्हणणारा खोटं बोलतो, आणि येणारच म्हणणाराही. गोळी एक दिवस चुकवायची नाही, डोकं दुखलं तर त्याच दिवशी यायचं, रविवार बघायचा नाही. आणि आता ते दार लावून घ्या, माझ्या प्लेटा उघड्या आहेत.”